इंजिनावरची रजई

१

गुर्मेटची सकाळ गाडीला साष्टांग घालण्यापासून सुरू होते, असं मेमे चोस्पेल गावभर सांगायचे. त्यात फारसं खोटं नव्हतं. उणे पंचवीसच्या थंडीत पेटता स्टोव्ह हातात धरून माणूस ट्रकखाली पालथा पडलेला दिसला, की लांबून तसंच वाटणार.

गाडी जुनी, पुढे लांब नाक असलेली, गुर्मेटपेक्षा जेमतेम चार वर्षांनी लहान. उन्हाळ्यात गरीब गाय. नोव्हेंबर लागला की मात्र तिचं डोकं फिरायचं. रोज संध्याकाळी तिला लेकरासारखं निजवावं लागे. तोंड उताराकडे करून उभी करायची. रेडिएटरचं पाणी सोडून तोटी उघडी ठेवायची, नाहीतर रात्रीत बर्फ होऊन इंजिनाला तडा जातो. बॅटरी काढून घरात बुखारीच्या शेगडीशेजारी न्यायची आणि बॉनेट उचलून इंजिनावर जुनी लाल रजई पांघरायची. सकाळी हेच सगळं उलट. तेलाच्या चेंबरखाली तासभर स्टोव्ह, टाकीखाली निखारे, घरातून उकळत्या पाण्याच्या किटल्या, आणि मग मनातल्या मनात मंत्र म्हणत चावी.

यंदा तेवढ्यानंही भागेना. सेल्फ-स्टार्टर घरघरायचा, धुराचा एक पांढरा ढेकर यायचा आणि गाडी गप्प. गुर्मेटनं डिझेलमध्ये रॉकेल मिसळून पाहिलं. फिल्टर बदलला. नोझल लेहला पाठवून तपासून आणले. पाइपात हवा शिरते म्हणून हँडपंप मारून मारून अंगठा सोलून घेतला. दोन-अडीच तास झटल्यावर कधीतरी गाडी खोकत उठायची, तोवर ऊन समोरच्या डोंगरावरून निम्मं खाली उतरलेलं असे.

"आज किती साष्टांग झाले रे?" मेमे चोस्पेल आपल्या घराच्या धाब्यावरून विचारायचे. तीस वर्षं ट्रक चालवून आता गुडघे धरून बसलेला हा शेजारी दुसऱ्याच्या कष्टांत फार रमायचा.

"मेमे-ले, हसू नका. खाली या आणि बघा."

"खालून मी तीस वर्षं बघितलं. आता वरून बघायची पाळी आहे माझी."

गुर्मेटला हसू येत नव्हतं. बायकोला, कुन्झेसला, नववा महिना लागला होता. मागच्या खेपेचं बाळ सातव्यातच गेलं होतं, आणि या खेपेला लेहच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाळंतपण घरी नको. लेह सात तासांवर. तिथे कुन्झेसच्या बहिणीचं घर होतं. पण लोसारचा सण घरच्या देवापुढे झाल्याशिवाय बायको हलेना, आणि सण झाल्यावर ज्योतिषी ओनपोनं पोथी उघडून निघायचा दिवस काढून दिला, सणानंतरचा अकरावा. त्याआधी उंबरा ओलांडायचा नाही. गावातली दुसरी गाडी म्हणजे गावाच्या मुखियाची, गोबांची, जीप. ती गिअरबॉक्स उघडून लेहमध्ये पडली होती. फोनचा टॉवर तर डिसेंबरपासूनच झोपलेला.

म्हणून गुर्मेट गाडी रोज उठवून बघत होता. त्याच्या जिवाला चैन नव्हतं.

२

सणानंतरच्या चौथ्या सकाळी त्यानं बॉनेट उचललं, रजई काढायला हात घातला आणि तो तसाच ठेवला. रजई आतून उबदार होती.

त्यानं हातमोजा काढून इंजिनाच्या माथ्यावर तळवा टेकवला. एरवी उघडा हात लावला तर कातडं चिकटून यायचं. आज लोखंड उबदार होतं. गरम नव्हे. कुणी नुकतंच उठून गेलेलं अंथरूण असतं ना, तसं.

म्हातारा उठून स्टोव्ह लावून गेला, असं त्याला वाटलं, आणि इतके दिवस त्याला दिलेल्या शिव्यांची लाज वाटली. बॅटरी जोडली, पाणी भरलं, चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात गाडी सुरू. त्या आवाजानं मेमे चोस्पेल लांब गोंचाच्या अंगरख्याचा पट्टा बांधत बाहेर आले.

"एवढ्यात? काय जादू केलीस?"

"तुम्हीच केलीत, आणि वर मलाच विचारताय!"

"मी? अरे, मला अजून चहा मिळाला नाही. आणि तुझ्या गाडीला शेकायला मी काय तिचा जावई आहे?"

गुर्मेटनं चेंबरखाली वाकून पाहिलं. काजळी नव्हती, रॉकेलचा वास नव्हता. असेना का. चालू झालेल्या गाडीला कारण विचारायचं नसतं, असं ठरवून तो घरात गेला.

कुन्झेस चुलीशी बसली होती. वाटीतल्या गुरगुर चहावर लोण्याची साय धरली होती. एक हात गोंचाच्या आत, पोटावर.

"हा आज उठलाच नाही," ती म्हणाली.

"बापावर गेलाय. झोपू दे."

"नाही रे. हात लाव."

त्यानं हात लावला. पोट गार होतं. पाण्याच्या हंड्याला हात लावावा इतकं गार. ती स्वतः चुलीला खेटून बसली होती, गाल लाल होते, आणि पोट गार.

"बुखारी विझली होती का पहाटे?"

"नव्हती."

दुपारपर्यंत बाळ हललं, पोट नेहमीसारखं झालं, दोघांनी पोटभर स्क्यू खाल्लं आणि तो विषय तिथेच राहिला.

३

पाचव्या दिवशीही इंजिन उबदार.

आदल्या संध्याकाळी गुर्मेटनं रजई घातल्यावर बर्फाची बारीक भुरभुर झाली होती. अंगणात पिठासारखा थर होता. त्यावर आता उमटत होती ती त्याचीच पावलं, घरातून गाडीपर्यंत. बाकी मांजराचंसुद्धा पाऊल नव्हतं. तो गाडीभोवती दोनदा फिरला. रेडिएटरची तोटी त्यानं ठेवली होती तशीच उघडी आणि कोरडी होती. बॅटरी तर रात्रभर त्याच्या उशाशी होती.

माणूस अशा वेळी कारणं शोधतो, आणि गुर्मेटला ती पटापट सापडलीही. गाडी गोठ्याच्या भिंतीला लागून उभी असते. आत तीस मेंढ्या. लेंड्यांच्या ढिगाला केवढी ऊब असते! शिवाय भिंत मातीची, दिवसभर ऊन पिते. शिवाय रॉकेलचं प्रमाण आता बरोबर बसलं असेल. हे शेवटचं कारण इंजिनाच्या उबेला लागू पडत नव्हतं, पण मोजायला एक वाढत होतं.

पोटाविषयी त्यानं आत जाऊन विचारलं नाही. कुन्झेसनं आपणहून सांगितलं.

"आजही उशीर करतोय हा."

"थंडी वाढलीय," तो म्हणाला आणि लगेच बाहेर येऊन गाडी हलवली. गोठ्यापासून दूर, मणींच्या, मंत्र कोरलेल्या दगडांच्या, भिंतीपलीकडच्या उघड्या माळावर नेऊन उभी केली. तिथे वारा असा असायचा की उभ्या माणसाचे डोळे वाहावेत.

"आता काय तिला वाळत घालणार?" मेमेंनी विचारलं.

४

माळावरही ती उबदारच होती.

आता गुर्मेट घाईत नव्हता. रजई त्यानं एकदम ओढली नाही, एका कडेनं हळूहळू उचलली. मधोमध, डाव्या अंगाला, रजई खोलगट दबलेली होती. वजन ठेवल्याशिवाय कापूस तसा बसत नाही. त्यानं चेंबरला हात लावला आणि तो झटकन मागे घेतला. खाली बर्फ, वर ऊब. हे उलटं होतं. स्टोव्ह लावा, निखारे ठेवा, काहीही करा, इंजिन खालून तापत वर जातं. हे वरून उबलं होतं, आणि सगळं नव्हे. डाव्या बाजूचा साधारण दोन तळव्यांएवढा तुकडा. त्याच्या पलीकडे लोखंड पुन्हा चिकटायला लागत होतं.

गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. तो आवाज त्याला आवडला नाही.

घरात कुन्झेस अंथरुणातच होती. आज तिचे ओठ पांढरे होते.

"एक विचारू? हसणार नाहीस ना?" ती म्हणाली. "पहाटे तू माझं पांघरूण ओढतोस का?"

"मी? मी तर याकच्या दोन चादरींत गुंडाळलेला असतो."

"तेच म्हणते मी. तू भिंतीकडे असतोस. आणि ओढलं जातं ते दाराकडून. जोरात नाही. झोपेत लहान भाऊ ओढतो ना, तसं. मला रागही येत नाही. मी देऊन टाकते थोडं."

गुर्मेटनं तिच्या पोटावर हात ठेवला. गारवा सगळीकडे नव्हता. डाव्या बाजूला होता. मोजून पाहायची बुद्धी त्याला कुठून झाली कोण जाणे, पण त्यानं तळवे शेजारी शेजारी ठेवले. दोन तळवे बरोबर बसले. कडेला लगेच तिची नेहमीची ऊब लागत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. आपण उद्याच निघू या का?"

"ओनपो-लेंनी अकरावा दिलाय. मागच्या खेपेला आपण न विचारता गेलो होतो, गुर्मेट."

मागच्या खेपेचं नाव निघालं की या घरात वाद तिथेच संपायचा. तो मणींच्या भिंतीपाशी जाऊन बसला आणि लांबून गाडीकडे बघत राहिला. इंजिनाची ऊब आणि बायकोचं पोट यांची सांगड घालणारा माणूस शहाणा नसतो, हे त्याला कळत होतं. कुणाला सांगायची त्याची छाती होईना.

५

सातव्या संध्याकाळी त्यानं गाडी परत गोठ्याशी आणली, पण निजवलीच नाही. पाणी सोडलं, बॅटरी काढली, पण रजई काखेत मारून घरी आणली, कोठीत टाकली आणि दाराला कडी घातली. बॉनेटही उघडंच ठेवलं.

आठव्या सकाळी लोखंडाला हात चिकटला. अंगठ्याचं कातडं सोलून निघालं आणि गुर्मेटला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं, इतकं बरं वाटलं. तो पळतच घरी आला.

"अगं, कसा आहे हा?"

"विचारूच नकोस!" कुन्झेस हसत होती. "पहाटेपासून लाथा घालतोय. हे बघ, हे बघ, इथे टाच!"

पोट उबदार होतं, घट्ट, आणि खरंच हलत होतं. त्यानं तिथेच कपाळ टेकवलं. मग कपाळ टेकवलेल्या अवस्थेतच त्याच्या लक्षात आलं की गाडी आता सुरू व्हायची नाही.

झालंही तसंच. दुपारपर्यंत स्टोव्ह, निखारे, सगळं झालं. गाडीनं धुराचा ढेकरसुद्धा दिला नाही.

"चार दिवस घड्याळासारखी चालणारी गाडी बिघडली, आणि हा बघा, शीळ घालतोय," मेमे चोस्पेल म्हणाले. मग गुडघे धरत खाली उतरले आणि जवळ आले. "काय आहे रे? मला सांग."

गुर्मेटनं सांगितलं. अडखळत, अर्धं गिळत. म्हातारा हसला नाही. त्यानं उघड्या इंजिनाकडे पाहिलं आणि टोपी नीट केली.

"थंडीत माणसाचं डोकं असंच चालतं," तो म्हणाला. "मी एकदा खिंडीत तीन दिवस अडकलो होतो, तेव्हा मला माझी आई टायर बदलताना दिसली होती." मग म्हणाला, "पण तू सुरू कर तिला. कशीही. पोरीला वेळेवर न्यायला हवं."

"मेमे-ले, ती सुरू झाली तर ते गप्प होतं. ते हललं तर ती सुरू होत नाही. मी काय करू?"

"दोन स्टोव्ह लाव," मेमे म्हणाले. दुसरं त्यांना काय सुचणार!

६

कळा नवव्या सकाळी सुरू झाल्या. ओनपोच्या दिवसाला दोन दिवस बाकी होते.

मेमेंची बायको, आबी लाझेस, आत गेली. तिनं गावातली निम्मी माणसं आपल्या हातांत झेलली होती. बाहेर गुर्मेटनं दोन स्टोव्ह लावले, टाकीखाली आग घातली, पाच किटल्या पाणी ओतलं. सेल्फ फिरला आणि मरगळला. पाइप उघडून त्यानं हँडपंप मारायला घेतला. डिझेलमधून बुडबुडे येत राहिले, संपेचनात. तो मारत राहिला.

आबी दारात आली. बाह्या कोपरापर्यंत वर, तोंड उतरलेलं.

"गुर्मेट, पाणी गेलंय आणि लेकरू आडवं आहे. हे माझ्या हातचं नाही रे बाबा. हिला ने."

"नेतो, आबी-ले. नेतोच."

बॅटरी घेऊन तो घरात पळाला, बुखारीला धरून तिला दहा मिनिटं ऊब दिली, परत आला. तेवढ्या वेळात मेमे चोस्पेलनी आपल्या परीनं मदत केली होती. तीस वर्षांची सवय. चालू होत नसलेली गाडी उघडी ठेवायची नाही, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक. कोठीची कडी काढून त्यांनी लाल रजई आणली होती आणि इंजिनावर नीट, चारी बाजूंनी खोचून घातली होती.

"काढा ती!"

"अरे, ऊब धरायला नको का? बघ, धरतेय आता. हात लाव."

गुर्मेटनं रजईखाली हात घातला. माथा कोमट होत होता. त्याच्या तळव्याखाली, डाव्या बाजूला, हळूहळू.

आणि त्याच वेळी घरातून आबीचा आवाज आला. "कुन्झेस, जागी राहा! मेमे, अजून चादरी आणा! हिचं पोट गार पडतंय, लेकरू हलेना झालंय!"

चावी हातात होती. फिरवली असती तर गाडी अर्ध्या फेऱ्यात उठली असती, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि मग सात तास तो काय घेऊन लेहला पोचला असता, हेही. रजई ओढून फेकली असती तर घरातल्या घरात दोघं गेली असती. मेमे त्याच्या तोंडाकडे बघत होते. गुर्मेटनं बॅटरी जोडली आणि चावी त्यांच्या हातात दिली.

"मी सांगितलं की फिरवा. आधी नाही."

त्यानं गोंचा उतरवला, आतला स्वेटर उतरवला. बंपरवर पाय देऊन चढला आणि रजईची कड उचलून इंजिनावर छाती टेकवली. रजई डोक्यावरून ओढून घेतली.

आत डिझेलचा, जुन्या कापसाचा आणि गोठलेल्या लोकरीचा वास होता. छातीखालचं लोखंड कातडं ओढत होतं. तो दात आवळून म्हणाला, "तिकडचा हात काढ. ते एवढंसं आहे, त्याच्यात काय मिळणार तुला? मी मोठा आहे. माझ्यात पुष्कळ आहे. घे."

काही झालं नाही. बाहेर मेमे त्याला हाका मारत होते. आपण वेडे झालो आहोत आणि बायको आत मरते आहे, एवढंच त्याला वाटलं.

मग रजई डाव्या बाजूनं थोडी उचलली गेली. अंथरुणात उशिरा येणाऱ्याला आधीचा माणूस सरकून जागा करून देतो, तसं कुणीतरी आत सरकलं. त्याच्या उघड्या पाठीवर रजईची कड आली आणि तिथे नीट खोचली गेली. कडेच्या फटीतून सकाळचा उजेड येत होता. त्यात गुर्मेटला त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर एक मिटलेली पापणी दिसली. पापणीच्या केसांवर पांढरं दव होतं. बघता बघता ते वितळलं.

"हललं!" घरातून आबी ओरडली. "गुर्मेट! लाथ मारली रे, लाथ मारली!"

"फिरवा!" असं गुर्मेटला म्हणायचं होतं. आवाज निघाला की नाही त्याला कळलं नाही. मेमेंनी त्याच्या पँटच्या पट्ट्याला धरून त्याला ओढलं. एकदा ओढून तो सुटला नाही, दुसऱ्यांदा ओढावं लागलं. रजई त्यांनी काठीनं उडवून टाकली. खाली फक्त इंजिन होतं, आणि त्यातून वाफ निघत होती.

अर्ध्या फेऱ्यात गाडी सुरू झाली.

७

सात तासांचा रस्ता त्यानं साडेपाचात कापला. केबिनमध्ये कुन्झेस मध्ये, दाराकडे आबी. वाटेत कुन्झेस दोनदा कण्हत म्हणाली, "जरा तिकडे हो ना, तुझं कोपर लागतंय." गुर्मेट तर आपल्या बाजूच्या दाराला खेटून बसला होता. तिसऱ्यांदा तिनं आबीकडेच अंग टाकलं. लेहजवळच्या नाक्यावर शिपायानं गुर्मेटला हातमोजे कुठे गेले म्हणून विचारलं, तेव्हा त्याला कळलं की ते त्यानं घातलेच नव्हते.

ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. पोट उघडून काढावी लागली, पण धडधाकट, आणि आवाज असा की वऱ्हांड्यातल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. नर्सबाई तिला फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या.

"बाप कोण? घ्या."

गुर्मेटनं हात पुढे केले. मुलगी त्याच्या तळव्यांवर आली आणि तिचं रडणं मधेच तुटलं. थांबलं नाही, तुटलं. फडकं पातळ होतं. जिथे त्याची बोटं होती तिथली तिची पाठ आधी पांढरी आणि मग निळसर झाली. नर्सबाईंनी तिला हिसकावून छातीशी धरलं. "अहो, हात केवढे गार! गरम पाण्यात धरा आधी," त्या रागावल्या.

त्यानं धरले. नळाचं पाणी वाफाळत होतं, शेजारचा माणूस "भाजशील" म्हणून ओरडला. गुर्मेटला पाणी लागलंच नाही.

संध्याकाळी कुन्झेस शुद्धीवर आली. मुलगी तिच्या कुशीत होती, बहीण पायाशी बसली होती. खोलीच्या दारापाशी बुखारी होती, आणि गुर्मेट तिच्याजवळ उभा होता. बुखारीचा पत्रा लाल झाला होता.

"किती वेळ तिथे उभा राहणार?" कुन्झेस हसत म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता, पण इतका सुखी आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. "ये ना. घे तिला. तुझ्यासारखं नाक आहे."

"हात गार आहेत."

"मग शेक की."

"शेकतोय," गुर्मेट म्हणाला. त्याचे दोन्ही तळवे मघापासून त्या लाल पत्र्यावर टेकलेले होते.